झाकणातली दाढ

माईकडे एकेचाळीस मनगटी घड्याळं आहेत. त्यांतलं कोणतं हातावर चढवायचं हे ती कपाटासमोर उभी राहून, आज गाठ कोणाशी आहे त्यावरून ठरवते. नणंदेकडे जाताना दिवसाला सहा मिनिटं पुढे पळणारं चौकोनी घड्याळ असतं. त्याच्याकडे एकदा बघितलं की 'अगबाई, उशीर झाला' म्हणून उठता येतं आणि खोटंही बोलावं लागत नाही. घरमालक गच्चीच्या किल्लीवरून वाद घालायला येणार असला, की ती एक जाडजूड, टिकटिक खोलीभर ऐकू जाईल असं घड्याळ बांधते आणि तो हात टेबलावर त्याच्यासमोर ठेवून बसते. पाचव्या मिनिटाला घरमालकाला आपण काय बोलत होतो ते आठवेनासं होतं.

वय एकोणसाठ. धंद्याने ती कवळ्या बनवते. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या बाजूला तिच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत खुर्ची, सिंक, प्लास्टरच्या जबड्यांनी भरलेलं शेल्फ. पडद्याआड आतल्या खोलीत घड्याळांचं टेबल. चिमटे, कोरण्या, घासायचे कागद, डोळ्याला लावायचं भिंग ही हत्यारं दोन्ही टेबलांवर सारखीच, आणि ती सवडीप्रमाणे पडद्याच्या अलीकडे-पलीकडे फिरतात. ज्या चिमट्याने सकाळी कोणाचा सुळा बसवला, त्यानेच संध्याकाळी सेकंदकाटा उचलला जातो. हे गिऱ्हाइकांना ठाऊक नाही.

जुनी घड्याळं जमवणाऱ्या पंधरा-वीस जणांची महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बैठक असते. तिथे तिला न्यायाधीश म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे. जुनी तबकडी पुन्हा रंगवून नवी करणं हे तिच्या लेखी पाप. मूळचा भाग काढून दुसरा बसवणं त्याहून मोठं पाप. कोणी हौसेने नवं घेतलेलं घड्याळ पुढे केलं, की माई ते हातातही न घेता सांगते, "रंगवलेलं आहे." हे ऐकून एक गृहस्थ बैठकीला यायचे बंद झाले. माईने त्यांची खुर्ची पर्सा ठेवायला वापरायला सुरुवात केली.

या कामात एक जुनी रीत आहे. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस पाठचं झाकण लावण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने आपली बारीक खूण, तारीख आणि केलेलं काम कोरून ठेवतो. घड्याळ घालणाऱ्याला आयुष्यभर याचा पत्ता नसतो. ते पुढच्या कारागिरासाठी असतं. माईची खूण म्हणजे दोन मुळांची एक दाढ. तांदळाच्या दाण्यात मावेल एवढी. उघडलं की कोरायचं, हे तिच्या बोटांत इतकं मुरलेलं, की नुसतं बघण्यापुरतं झाकण काढलं तरी लावण्यापूर्वी सुई फिरतेच.

आता बाबांचं घड्याळ. बाबा सिनेमागृहात मशीन चालवायचे. रीळ बदलायची वेळ चुकू नये म्हणून त्यांच्या हातावर सव्वीस वर्षं एकच घड्याळ होतं. ते कधी म्हणून कधी बंद पडलं नाही, असं घरात सगळे सांगतात. दादा, म्हणजे थोरला भाऊ, हे वाक्य लग्नाकार्यात माईक हातात आला तरी सांगतो. बाबा गेले तेव्हा घड्याळ एक आणि मुलं तीन. आईने पाळी लावून दिली. वर्षाचे पहिले चार महिने दादा, मधले चार माई, शेवटचे चार धाकटा. पाळी संपली की तिघांनी जमायचं, घड्याळ लावून घ्यायचं आणि घेणाऱ्याने बाकीच्या दोघांदेखत चावी द्यायची. आईही पुढे गेली, पण बारा वर्षं हा क्रम चुकला नव्हता.

यंदा एप्रिलच्या सुरुवातीला दादाचा फोन आला. दादा दस्त नोंदणीच्या कचेरीत हेडक्लार्क होता. निवृत्त झाला तरी ज्या कागदावर शिक्का नाही तो कागदच नव्हे, ही श्रद्धा निवृत्त झालेली नाही. त्याने ठरवल्याचं सांगितलं, की ही पाळ्यांची फिराफिर आता पुरे. वस्तू जुनी होत चालली आहे. मोठ्या दुकानात एक प्रशिक्षित माणूस असतो, तो घड्याळ उघडून तपासतो आणि छापील दाखला देतो. घड्याळाला कोणाकडे काय झालं ते त्यात येईल. ज्याने नीट सांभाळलं, घड्याळ कायमचं त्याचं.

"आणि कोणी नीट सांभाळलं हे त्या माणसाला कसं कळणार?" माईने विचारलं.

"ज्याला दिसेल ती वस्तू उघडून बघायची सवय नाही, त्याने," दादा म्हणाला.

माईने फोन ठेवला आणि हातातली अर्धवट कवळी पाण्यात टाकून बसून राहिली. घड्याळ तिला हवं होतं. एकेचाळीस घड्याळं असलेल्या बाईला बेचाळिसाव्याची काय एवढी हाव, असं दादाची बायको म्हणायची. पण ती एकेचाळीस लोकांची होती. बापाचं असं एकच, आणि तेही वर्षातून आठ महिने दुसऱ्याच्या हातावर.

अडचण अशी होती, की सहा वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये, स्वतःच्या पाळीत, तिने ते साफ करायला उघडलं होतं. गरज नव्हती, हौस होती. आतली केसाइतकी बारीक स्प्रिंग चिमट्यात अडकून ओढली गेली आणि तिचा गुंता झाला. त्याच दुपारी धाकटा घरी यायचा होता. माईच्या खणात त्याच बनावटीचं, त्याच वर्षातलं, तबकडी-काटे गेल्याने मेलेलं एक घड्याळ होतं, पण त्याचं मशीन धड होतं. तिने ते काढून बाबांच्या घड्याळात बसवलं. बाबांचं मशीन गोळ्यांच्या डबीत घालून खणाच्या तळाशी ढकललं. आणि एवढी सारी चोरी उरकल्यावर, झाकण लावताना, आत नीट वळणदार कोरलं: दाढ, तारीख, 'मशीन बदललं'.

दुसऱ्या कोणी केलं असतं तर तिने बैठकीत त्याची सालटी काढली असती. त्यानंतर तिने बाबांचं घड्याळ कधी उघडलं नाही. झाकणात बाबांच्या वेळच्याही नऊ खुणा होत्या, म्हणजे कधीही बंद न पडलेलं घड्याळ नऊ वेळा दुरुस्तीला गेलं होतं. हे तिने तेव्हाच वाचलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर कुठे वाचलंस, हे आलंच असतं.

झाकणांत लिहून ठेवतात ही गोष्ट दादाला माहीत नव्हती. म्हणून तर तो उघडायची घाई करत होता. मेलेल्या घड्याळाचं झाकण माईकडे होतं. आतून कोरं करकरीत. ते बाबांच्या घड्याळाला लावलं, की दाखला देणाऱ्याला काही दिसायचं नाही. फक्त घड्याळ दादाच्या हातावर होतं, आणि आपल्या पाळीत दादा ते आंघोळीशिवाय काढत नाही.

दोन दिवसांनी तिने दादाला फोन करून काळजीच्या सुरात सांगितलं, की परवा पुतण्याच्या साखरपुड्यात तू बोलत होतास ना, तेव्हा मागच्या रांगेपर्यंत तुझी कवळी वाजत होती. दादाने विचारलं, आणखी कोणाच्या लक्षात आलं का. माई म्हणाली, लोक चांगले असतात रे, बोलून दाखवत नाहीत. गुरुवारी सकाळी दहाला दादा खुर्चीत हजर होता.

नव्या कवळीचं माप घ्यायचं म्हणजे पाण्यात कालवलेला गुलाबी मसाला एका ताटलीत भरून ती ताटली जबड्यावर दाबून धरायची. मसाला घट्ट होईपर्यंत चार मिनिटं लागतात. वरच्या जबड्याची चार, खालच्याची चार. तोवर माणसाला बोलता येत नाही. माईने गळ्याभोवती टॉवेल बांधला आणि घड्याळ काढून ठेव म्हणाली. दादाने 'राहू दे हातात' एवढं म्हणायला तोंड उघडलं, आणि ताटली आत गेली.

"मसाला सांडला तर पट्टा जाईल," असं म्हणत माईने त्याच्या मनगटावरचा पट्टा सोडवला. दादाने नाकातून लांबलचक काहीतरी सांगितलं. "हलू नकोस," माई म्हणाली. "हललास तर पुन्हा पहिल्यापासून." आणि ती पडद्याआड गेली.

पातळ पात्याने झाकण उचकटलं, डोळ्याला भिंग लावलं आणि स्वतःची दाढ शोधायला गेली. दाढ जागच्या जागी होती. पण तिच्याखाली तिला माहीत नसलेल्या दोन ओळी होत्या. पहिली चार वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरची. खूण त्रिकोणाची, काम: 'तबकडी दुसरी'. दुसरी दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीची. खूण एका फुलीची, काम: 'काच, काटे, चावी नवी'.

नोव्हेंबर म्हणजे धाकटा. फेब्रुवारी म्हणजे पडद्यापलीकडे नाकाने ओरडत असलेले गृहस्थ.

फेब्रुवारीचं तिला लगेच पचलं. नोव्हेंबरच्या ओळीवर मात्र ती अडकली. तिने घड्याळ पालथं करून तबकडी भिंगाखाली घेतली. चारच्या आकड्यापाशी पिवळसर डाग होता. गेल्याच वर्षी वाचनालयाच्या बैठकीत तिने या डागावर वीस मिनिटं बोलून दाखवलं होतं. सिनेमाच्या मशीनचा दिवा, त्याची आच, सव्वीस वर्षं त्याच बाजूला पडणारी. काहींनी वह्यांत लिहून घेतलं होतं. तो डाग कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या तबकडीवर, कुठल्या तरी खणात, आपोआप पडलेला होता. रस्त्यापलीकडून रंगवलेली तबकडी ओळखणाऱ्या बाईने आपल्या हातावरची बदललेली तबकडी तीन उन्हाळे मिरवली होती. ती त्या घड्याळाकडे कारागीर म्हणून बघतच नव्हती, हा त्यातला घोटाळा.

चार मिनिटं झाली. तिने बाहेर येऊन वरची ताटली काढली. दादाने "घड्याळ" एवढा एकच शब्द कसाबसा जुळवला, तेवढ्यात खालची ताटली आत गेली.

पुढच्या चार मिनिटांत तिला तीन गोष्टी करता आल्या असत्या. जुनं झाकण तसंच लावून तिघांची चव्हाट्यावर वरात काढायची. आपली दाढ घासून टाकून फक्त भावांना पकडून द्यायचं. पण घासलेली जागा भिंगाखाली लगेच कळते, शिवाय घासणं पाप. किंवा ठरल्याप्रमाणे कोरं झाकण लावायचं आणि जुनं आपल्यापाशी ठेवायचं. दोन भावांचे गुन्हे तारीखवार लिहिलेली वस्तू बहिणीच्या खणात असलेली बरी, असा विचार करून तिने तिसरी गोष्ट केली. विचार संपला होता. उरलेलं काम हातांनी नेहमीच्या क्रमाने, नेहमीसारखं उरकलं.

शनिवारी तिघं मोठ्या दुकानात गेले. काचेचं टेबल, पांढरा कोट घातलेला तरुण कारागीर, बोलणं अदबीचं. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. धाकटा सोफ्यांची कव्हरं शिवतो. त्याच्या बाहीला दोरे चिकटलेले होते आणि तो वाजवीपेक्षा जास्त हसत होता. माईने त्या दिवशी हातावर काहीच बांधलं नव्हतं. तिच्या पर्समध्ये सुट्या दातांची एक प्लास्टिकची डबी होती आणि डबीत जुनं झाकण. घरी ठेवायचा धीर झाला नव्हता.

कारागिराने झाकण काढलं, भिंग लावलं, आणि आधी मशीन न बघता झाकण बघितलं. माई मनात म्हणाली, पोरगा शिकलेला आहे.

"झाकण अगदी कोरं आहे," तो म्हणाला. "इतक्या जुन्या घड्याळाचं सहसा असं नसतं. एकच खूण आहे. दाढेसारखं काहीतरी."

माईने डोळे मिटून घेतले.

"दाढ?" दादा म्हणाला.

"दोन मुळांची. खाली तारीख आहे, आणि 'झाकण बदललं' असं लिहिलंय. तारीख परवाच्या गुरुवारची."

दादाने एकेक शब्द सुटा करून विचारलं, "गुरुवारी सकाळी मी कुठे होतो गं, माई?"

"माझ्या खुर्चीत."

"तोंडात चिखल घालून."

"मसाला," माई म्हणाली.

धाकट्याला हसू आवरेना. तो म्हणाला, ताई, तू चोरी करतेस आणि खाली सही करतेस? दादाने त्याला गप्प केलं आणि खुर्चीत ताठ बसून निकाल द्यायला घेतला. विश्वासघात, बाबांची वस्तू, उघडून बघायची सवय, हे सगळं क्रमाने आलं. माईने त्याला पुरतं बोलू दिलं. मग पर्समधली डबी काढून, त्यातले दोन सुळे बाजूला सारून, जुनं झाकण कारागिरापुढे ठेवलं.

"हे मूळचं," ती म्हणाली. "मोठ्याने वाचा."

कारागिराने वाचलं. बाबांच्या नऊ दुरुस्त्या झाल्या, त्यांतल्या दोन तर आठ दिवसांच्या अंतराने. तेव्हा दादाच्या कपाळाला पहिली आठी पडली. मग जूनची दाढ आणि 'मशीन बदललं'. दादा माईकडे वळला, पण कारागीर थांबला नव्हता. नोव्हेंबर, तबकडी. धाकट्याचं हसू बसलं. फेब्रुवारी, काच, काटे, चावी.

धाकट्याने आधी कबूल केलं. पँटच्या खिशात राहिलं आणि पँट धुण्याच्या मशीनमध्ये गेली. दादाचं जिन्यात झालं होतं. तो जिन्यावरून पडला, घड्याळ हातावर होतं, आणि हात मोडला नाही म्हणून घरात पेढे वाटावेत एवढा आनंद झाला असताना त्याने काच-काटे गुपचूप शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बदलून आणले होते.

"बाबांचं मशीन कुठाय?" दादाने विचारलं. आवाज आता हेडक्लार्कचा नव्हता.

"माझ्याकडे. गोळ्यांच्या डबीत."

"चालतं?"

"स्प्रिंगचा गुंता झालाय. सोडवावा लागेल."

"सहा वर्षं काय करत होतीस मग?"

ती म्हणाली, "तुझ्या कवळ्या."

कारागिराला पुढचं गिऱ्हाईक खुणावत होतं. त्याने दोन्ही झाकणं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आणि अदबीने विचारलं, "यांतलं कोणतं लावू?"

तिघांनी झाकणांकडे बघितलं. कोऱ्या झाकणात माईचं एकटीचं पाप होतं. ते लावलं असतं तर दोन्ही भाऊ सुटत होते, आणि ही गोष्ट दोघांच्याही लक्षात आलेली तिला दिसली. धाकटा छताकडे बघायला लागला.

"जुनं," दादा म्हणाला. "बाबा नऊ वेळा गेले होते म्हणे. असू दे लिहिलेलं."

दाखला मिळाला. 'मूळ भाग: बाहेरचं कवच व झाकण. इतर सर्व बदललेले.' दादाने तो घडी न घालता फायलीला लावला, कारण त्यावर शिक्का होता. नीट कोणीच सांभाळलं नव्हतं, तेव्हा घड्याळ कायमचं कोणाचंच झालं नाही आणि पाळ्या चालू राहिल्या. एक जादा कलम तेवढं आलं. मेपासून माईची पाळी लागायचीच होती. त्याआधी तिने बाबांचं मशीन दुरुस्त करून परत बसवायचं. माईने मान डोलावली आणि निघता निघता, पायऱ्या उतरताना, सहज बोलल्यासारखं विचारलं, की दुरुस्तीचे दिवस काही पाळीत धरायचे नाहीत ना? घड्याळ टेबलावर उघडं पडलेलं असताना ते घातलं, असं कसं म्हणायचं. भावांना ते रास्त वाटलं. दादाला नवी कवळी लवकर हवी होती, त्यामुळे त्याने वाद वाढवला नाही.

तेव्हापासून आठ महिने झाले. घड्याळ अजून दुरुस्तीत आहे. दादा दर पंधरवड्याला फोन करतो. माई सांगते, स्प्रिंग फार नाजूक आहे रे, घाई केली तर पुन्हा गुंता व्हायचा, बापाची वस्तू आहे. हे तो खोडू शकत नाही. बापाची वस्तू हे त्याचंच वाक्य. धाकट्याची पाळी सप्टेंबरला यायची होती, पण माईचे चार महिने अजून सुरूच झालेले नाहीत, तर त्याचे कुठून येणार, हे तिने त्याला बोटांवर मोजून दाखवलं. त्याला हिशेब पटला. मात्र घरी गेल्यावर तो हिशेब कुठे चुकतोय हे त्याने बायकोला विचारलं.

माई अलीकडे पूर्ण बाह्यांचे ब्लाऊज घालते. फोनवर बोलताना डाव्या हाताची बाही दोन बोटांनी मागे सरकवते, वेळ बघते, बाही पुढे ओढते. घड्याळ दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. बाबांच्या हातावरही पडायचं. रोज सकाळी ते लावताना ते स्वतःशी कुरकुरायचे, ती कुरकुर तिला आता आठवते. वाचनालयात तिने डागाची गोष्ट मागे घेतली. कुठल्या तरी खणातली तबकडी आहे, असं उभं राहून सांगितलं. यायचे बंद झालेले गृहस्थ पुढच्या बैठकीला आले आणि आपल्या खुर्चीवरच्या पर्सा उचलून खाली ठेवल्या.

धोका एकच आहे आणि तो तिने आपल्या हाताने करून ठेवला आहे. गुंता सहा वर्षं भिऊन सोडवला नव्हता, तो बसल्यावर दोन दिवसांत सुटला. तिसऱ्या दिवशी सकाळी मशीन बसवून झालं. झाकण लावण्यापूर्वी माईने सुई घेतली आणि फेब्रुवारीच्या फुलीखाली, जागा थोडी उरली होती तिथे, स्वच्छ कोरलं: दाढ, 'मूळ मशीन परत बसवलं', आणि खाली खरी तारीख. बावीस एप्रिल.